शेगडीजवळची वेर्ले

सेराफीन कालेवार्टचा बाप बेल्जियममधल्या गेंटात पाटरशोलच्या गल्लीत बेकरी चालवायचा. पोरानं भट्टीतला कोळसा उचलून पिठाच्या पोत्यावर आपल्या पाद्रीबुवांचा चेहरा काढला, तेव्हा बापानं त्याला बडव बडव बडवलं. चित्र काढलं म्हणून नव्हे. गिऱ्हाइकांनी चेहरा ओळखला म्हणून. पाद्रीबुवांच्या नाकावर बिअरचा जो इतिहास होता तो पोरानं कोळशानं जसाच्या तसा मांडला होता. शेवटी पाद्रीबुवाच म्हणाले, "अरे, याला संध्याकाळच्या चित्रशाळेत घाल. इथं ठेवलास तर सगळ्या गावाची अब्रू पोत्यांवर येईल."

अशी सुरुवात झाली. पुढं हाच सेराफीन गेंटातल्या बिअरवाल्यांचा आणि सूतगिरणीवाल्यांचा ठरलेला चित्रकार झाला. थोर चित्रकार नव्हे. थोर लोक पॅरिसला जात, हा कधी ब्रुसेल्सलाही फारसा गेला नाही. याची खासियत एवढीच, की चित्रातला माणूस ओळखू यायचा आणि तरी तो रागवायचा नाही. ही कला वाटते तितकी सोपी नाही. दुहेरी हनुवटी काढायची, पण ती खाऊन-पिऊन सुखी माणसाची वाटली पाहिजे, हावरटाची नव्हे.

श्रीमंत बायका चेहऱ्यापुरत्या बसायच्या आणि हात काढायची वेळ आली की त्यांना कामं आठवायची. मग सेराफीन घरी येऊन आपल्या बायकोचे, कोलेताचे, हात काढायचा. ही कोलेता लग्नाआधी कॉलरींना खळ घालून इस्त्री करायची. हात लालभडक आणि पोळलेले. तो ते गोरे करायचा, बोटात अंगठ्या घालायचा. आमच्या गावातल्या निम्म्या मादामांना चित्रात कोलेताचेच हात आहेत, हे त्यांच्या नवऱ्यांना आजतागायत ठाऊक नाही.

"माझे हात बघ, चांदीच्या ताटात जेवतात," कोलेता म्हणायची, "आणि मी इथं बटाटे सोलतेय."

सेराफीनची चित्रं दोन जातींची. एक पोटाची, एक जिवाची. पोटाची म्हणजे गिऱ्हाइकांची. ती तो स्वस्तातल्या मातीच्या रंगांत, पातळ हातानं, भराभर काढायचा. वेळेवर वाळली पाहिजेत, बिलं वेळेवर गेली पाहिजेत. जिवाची चित्रं मात्र तो स्वतःसाठी काढायचा आणि त्यांत एक खास तपकिरी रंग वापरायचा, जो डांबरापासून करत. पातळ लावला की मधासारखा सोनेरी, दाट लावला की जुन्या कपाटाच्या आतल्या अंधारासारखा खोल. नवं चित्र पहिल्याच दिवशी दोनशे वर्षांपूर्वीच्या उस्तादानं काढल्यासारखं दिसायचं. त्या काळचे सगळे चित्रकार या रंगावर लट्टू होते. खोट एकच होती. हा रंग कधी वाळत नाही. वरून वाळल्यासारखा दिसतो, आतून ओलाच राहतो. चित्रशाळेतले म्हातारे मास्तर बजावायचे, "पोरांनो, हा रंग म्हणजे उसना कोट. आज ऐट, उद्या फजिती. आणि आगीजवळ तर नेऊच नका." पोरं मान डोलवायची आणि शाळा सुटली की दुकानात जाऊन तोच रंग मागायची. मला विचाराल तर चित्रकारांना उद्याची अक्कल नसतेच, असती तर ते बेकरीत राहिले असते.

सेराफीन आणि कोलेताला एकच मूल झालं. मुलीचं बारशातलं नाव फारायल्डिस, गावच्या संतिणीचं. पण एवढं लांब नाव घेऊन कोण हाक मारणार, म्हणून सगळे वेर्ले म्हणायचे. ती सात वर्षांची असताना नोव्हेंबरात बापानं तिचं चित्र काढायला घेतलं. संत ह्युबर्टचा दिवस नुकताच झाला होता. त्या दिवशी आमच्याकडे दालचिनी घातलेले गोल मास्तल पाव चर्चमध्ये नेऊन त्यांच्यावर आशीर्वाद घेतात. ते खाल्ले की पिसाळलेलं कुत्रं चावत नाही म्हणतात. तसला एक पाव हातात देऊन बापानं तिला खिडकीशी बसवलं.

"बाबा, हलू का?"

"नाही."

"श्वास घेऊ?"

"तेवढा घे."

मग सेराफीननं कॅनव्हासवरून डोळे वर केले तर पावाचा एक लचका गायब.

"वेर्ले! पाव खायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी नाही खाल्ला. संत ह्युबर्ट येऊन गेले."

"हो? मग तुझ्या ओठाला दालचिनी कशी लागली?"

"जाताना त्यांनी माझा पापा घेतला."

कोलेता स्वयंपाकघरात एवढी हसली की तिच्या हातून ताकाची पेज उतू गेली. रोज नवा पाव आणावा आणि रोज वेर्लेनं तो खावा, असं चाललं. शेवटी बापानं हात टेकले आणि चावलेलाच पाव काढला. ओठाच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू काढलं. आणि केसांत, गालाच्या सावलीत, डोळ्यांच्या कडांत, मागच्या अंधारात, सगळीकडे हात सैल सोडून तो डांबराचा रंग ओतला. जे सर्वांत प्रिय, त्याला सर्वांत सुंदर रंग. दुसरं काही त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच महिन्यात त्यानं इसिदोर व्हान होरेबेके नावाच्या बिअरवाल्याचं चित्र काढलं, ते कंटाळत, कोरड्या मातीच्या रंगांत.

पुढच्या उन्हाळ्यात गेंटात कॉलरा आला. पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त संत ह्युबर्टनं केला होता, कॉलऱ्याचं त्यात काही नव्हतं. वेर्लेला सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत पोरगी वाळक्या पानागत सुकली. बाहेर उन्हानं कालव्याचं पाणी घाण मारत होतं आणि ती म्हणत होती, "आई, पाय गार पडलेत." कोलेतानं भर उन्हाळ्यात शेगडी पेटवली. विटा तापवल्या, फ्लॅनेलमध्ये गुंडाळल्या, पायांशी लावल्या. एक गार झाली की दुसरी. कोलेताचे तळवे पोळले, पण त्या पोरीच्या पायांना ऊब म्हणून चढली नाही. "अजून गार आहेत गं," एवढंच ती म्हणत राहिली, आणि मग तेही म्हणेना.

आमच्या घरांत रस्त्याच्या बाजूला एक पुढची खोली असते. चांगल्या खुर्च्या तिथं, चांगली कपबशी तिथं. शेगडी मात्र नसते, कारण तिथं कुणी राहत नाही. तिथं पाद्रीबुवांना बसवतात, वकिलाला बसवतात आणि मेलेल्या माणसाला ठेवतात. वेर्लेला तिथं ठेवली. तीही जेमतेम काही तास. नगरपालिकेची गाडी आली, चुना आला आणि तिला घेऊन गेले. घंटा नाही, मातीनंतरची कॉफी आणि पाव नाही, शेजाऱ्यांनी दारातूनच क्रूसाची खूण केली. गाडी वळली तेव्हा कोलेता दारात उभी होती, हातात एक गरम वीट तशीच.

दुखवट्याचं वर्ष संपलं. वर्षाची प्रार्थना करून घरी आल्यावर कोलेता जिना चढून नवऱ्याच्या कामाच्या खोलीत गेली आणि वेर्लेचं चित्र घेऊन खाली आली. स्वयंपाकघरात लांब लोखंडी शेगडी होती, भिंतीपासून पार मध्यापर्यंत आलेली. तिच्या धुराच्या नळकांड्याशेजारी कोलेतानं स्वतःच्या हातानं खिळा ठोकला.

सेराफीन बघत होता. मास्तरांचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द आठवलं. आगीजवळ नेऊच नका.

"कोलेता, तिथं... धूर लागेल गं."

"लागू दे. पुसेन मी." तिनं चित्र सरळ केलं, दोन पावलं मागं सरून बघितलं. "इथं तिला ऊब लागेल."

आता या बाईला कोण सांगणार की ऊबच नको? उद्या सांगू, सेराफीन मनात म्हणाला. उद्या, मग नाताळ झाल्यावर, मग ईस्टर झाल्यावर. मनातल्या मनात त्यानं ते इतक्यांदा सांगितलं, की कधीकधी त्याला वाटायचं आपण खरंच सांगून टाकलंय.

पहिली दोन-तीन वर्षं काही झालं नाही. शेजारणी यायच्या, शेगडीपाशी कॉफी प्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, आत्ता बोलेल असं वाटतं." मग एका हिवाळ्यात चावलेल्या पावावर सुरकुती दिसली. तापल्या दुधावरची साय आक्रसते तशी. दुसऱ्या हिवाळ्यात केसांत भेगा पडल्या आणि भेगांतून काळं, चकचकीत काहीतरी वर आलं. मागचा सोनेरी अंधार नुसता अंधार झाला. आणि मग डावा डोळा खाली सरकू लागला. एकदम नाही. आज बघावं तर आहे तिथंच आहे, आणि महिन्यानं बघावं तर पापणी जड झालेली.

"आज झोपाळलीये," कोलेता बटाटे सोलता सोलता म्हणाली.

सेराफीन ताट सरकवून उठला. रविवारी ती चर्चला गेली, तेव्हा त्यानं चित्र उतरवलं आणि ब्रशच्या दांड्यानं ती पापणी हलकेच वर ढकलायला गेला. रंग लोण्यासारखा सरकला. घाबरून त्यानं वरून नवा रंग लावला. खाली ओलं, वर कोरडं. नवशिक्यानंही करू नये असली चूक या पन्नाशीच्या माणसानं केली, कारण समोर चित्र नव्हतं, त्याची पोरगी होती. महिन्याभरात तो नवा रंगही फाटला आणि डोळ्याच्या जागी भेगांचं जाळं राहिलं. कोलेता रोजच्यासारखीच चौकटीवरची धूळ पुसत राहिली.

याच दिवसांत व्हान होरेबेकेचा निरोप आला. बिअरवाल्याला सरकारनं पदक दिलं होतं आणि त्याला जुन्या चित्रातल्या आपल्या कोटावर ते काढून हवं होतं. असली कामं आता सेराफीनला बरी वाटायची. कारण गावात फोटोवाल्यांची दुकानं निघाली होती आणि नव्या चित्रासाठी बसायला कुणाला सवड नव्हती. रंगांची पेटी घेऊन तो गेला. आतल्या दालनात घरातले लोक श्रीमंती रीतीनं आपसात फ्रेंच बोलत होते, चित्रकार दिसल्यावर आमच्या साध्या फ्लेमिशवर आले.

चित्र वेर्लेच्याच महिन्यातलं. सेराफीन त्यापुढं उभा राहिला आणि हलेनाच. तांबडे गाल तांबडेच. कॉलर पांढरीशुभ्र. डोळे जिथल्या तिथं, ओले, चमकदार, पोट भरल्यासारखे. एक भेग नाही, एक डाग नाही.

"काय रंग वापरलात हो, कालेवार्ट!" इसिदोर व्हान होरेबेके काठी टेकत आला. "माझा चेहरा पार उतरला आणि हा पठ्ठ्या बघा. जसाच्या तसा."

"स्वस्तातले रंग आहेत, मेनेर."

बिअरवाला खो खो हसत बायकोकडे वळला. "झकास! मादाम, ऐकलंत का? स्वस्तातले म्हणे!"

सेराफीननं पदक काढलं. पदक चांगलं निघालं. घरी जायच्या ऐवजी तो गुत्त्यात जाऊन बसला. तिथं त्याचा चित्रशाळेतला जोडीदार पोलिडोर दे मेय भेटला. हा पोलिडोर एके काळी संतांची आणि पापी स्त्रियांची भलीमोठी चित्रं काढायचा. आता फोटोचं दुकान टाकून गबर झाला होता.

"तुझंही घसरलं?" सगळं ऐकून पोलिडोर म्हणाला. "अरे, माझी मॅग्डालेन आठवते? तिचे डोळे बेंबीपर्यंत आलेत. पश्चात्ताप करायचा होता तिला, आता पोट दुखल्यासारखी बघते."

सेराफीन हसला नाही. पोलिडोरनं पेला बाजूला सरकवला.

"बरं, ऐक. सगळं गेलंय का?"

"एक डोळा आहे. आणि तोंड."

"मग अजून वेळ गेलेली नाही. शेगडीपासून काढ ते. गार खोलीत ठेव, आडवं. डांबर थंडीत थिजतं. उरलंय ते उरेल. पण या हिवाळ्यात शेगडी पेटायच्या आत काढ, नाहीतर तेही गेलं समज. आणि कोलेताला सांग, सेराफीन. आपल्याला वाटतं त्यापेक्षा बायकांना जास्त सोसतं."

सेराफीननं एक शहाणपणा केला, निदान त्याला तो शहाणपणा वाटला. नुसतं चित्र काढून नेलं तर कोलेताची भिंत उघडी पडणार. म्हणून आधी नक्कल करायची, मग सांगायचं. वरच्या खोलीत बसून त्यानं वेर्लेला पुन्हा काढायला घेतलं, आणि या खेपेला मातीच्या रंगांत, पोटाच्या रंगांत. ते पन्नास काय, शंभर वर्षं टिकतील. कोलेता बाजाराला गेली की तो खाली येऊन चित्र बघायचा आणि वर जाऊन काढायचा. पण डावा डोळा कुठून आणणार? त्यानं डोळे मिटून पोरीला आठवायचा प्रयत्न केला. आवाज आठवला. जिन्यावरची धाडधाड आठवली. ओल्या लोकरी मोज्यांचा वास आठवला. चेहरा म्हणून जो डोळ्यांपुढं आला तो चित्रातलाच होता, पावासकट. खऱ्या वेर्लेचा चेहरा त्याच्यापाशी उरला नव्हता. ज्यानं हजार चेहरे लक्षात ठेवून पोट भरलं, त्याला स्वतःच्या पोरीचा डोळा आठवेना. तो ब्रश ठेवून खाली बसला, आणि शेवटी त्यानं उजव्या डोळ्यावरूनच डावा बेतून काढला.

ऑक्टोबराच्या शेवटी नक्कल पुरी झाली. चांगली होती. व्हान होरेबेकेनं खुशीनं बिल चुकवलं असतं इतकी चांगली. सेराफीननं ती खाली आणून टेबलाशी टेकवून ठेवली. कोलेतानं हात एप्रनला पुसले, वाकली आणि बघत राहिली.

"कोणाची मुलगी ही?"

"कोलेता!"

"गुणी दिसते," ती म्हणाली. "हिनं पाव खाल्ला नसता."

सेराफीन खुर्ची ओढून बसला. मग जे इतकी वर्षं घशात होतं ते बाहेर आलं. धड सुसंगतही नाही. डांबर, मास्तर, आग. आपल्याला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपण खिळा ठोकताना बघत होतो आणि गप्प बसलो. "आता तरी ते पुढच्या खोलीत ठेवू या गं. तिथं गार आहे. एक डोळा आहे अजून, तोंड आहे. तेवढी तरी राहील ती."

कोलेता शेगडीत घालायला आणलेल्या काटक्या मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"शेगडीनं जातेय ते. पहिल्याच वर्षी कळलं. गालावरची धूळ पुसायला गेले तर रंग बोटाला आला. मऊ होता. गरम होता." ती थांबली. "इतका गरम गाल तिचा. मी बोट तसंच ठेवलं थोडा वेळ."

"मग तू का नाही काढलंस?"

"कुठं ठेवणार होते? पुढच्या खोलीत?" आता तिनं बघितलं त्याच्याकडे. "एकदा ठेवली होती ना रे तिथं."

तिनं आणखी एक काटकी मोडली.

"मला वाटलं, तू रंगारी माणूस, तू सांगशील. सांगितलं असतंस तर भांडले असते तुझ्याशी, रडले असते, कदाचित काढलंही असतं. तू काहीच बोलला नाहीस. मग मी म्हटलं, यालाही ती इथंच हवी आहे. गेली तर जाऊ दे, पण गारठून नको."

तिनं काटक्या शेगडीपाशी ठेवल्या, पण पेटवल्या नाहीत. मग म्हणाली, "तुला न्यायचं असेल तर ने. मी अडवणार नाही. मला बघवणार नाही एवढंच."

सेराफीन उठला. त्यानं चित्र खिळ्यावरून काढलं. ते हातात मूल घ्यावं तसंच त्यानं घेतलं, दुसऱ्या तऱ्हेनं त्याला घेताच येईना. बोळ ओलांडून त्यानं पुढच्या खोलीचं दार ढकललं. आत मिटलेल्या घराचा वास आणि गारठा. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मधली जागा मोकळी, जिथं तेव्हा वेर्लेला ठेवायला फळी टाकली होती. त्यानं चित्राकडे बघितलं. एक डोळा त्याच्याकडे बघत होता आणि ओठाच्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू अजून होतं. इथं ते राहिलं असतं. ते दोघं मेल्यावरही राहिलं असतं. मागं स्वयंपाकघरात कोलेतानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

तो उंबऱ्यात उभा राहिला आणि ढसाढसा रडला, गाडी गेली त्या दिवशी रडला नव्हता तेवढा. एवढी वर्षं हे दुःख त्यानं एकट्यानं, चोरासारखं लपवून ठेवलं होतं, आणि शेगडीच्या पलीकडच्या बाजूला बसून कोलेतानंही तेच केलं होतं. मग त्यानं दार ओढून घेतलं, परत आला आणि चित्र त्याच खिळ्याला टांगलं.

"पेटव," तो म्हणाला. "गार पडलंय घर."

नक्कल त्यानं पुढच्या खोलीत लावली. ती अजून तिथं आहे. गाल गुलाबी, दोन्ही डोळे जागच्या जागी. पाद्रीबुवा आले की तिचं कौतुक करतात. त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडली आणि शेगडी एकही दिवस विझली नाही. ईस्टरपर्यंत वेर्लेचा दुसरा डोळा गेला, आणि मग तोंडही गेलं.